कानाच्या वाट्याची दहा मिनिटं

हृदय पहिल्या पाच मिनिटांतच गेलं. डोळ्यांवर तिघांनी हक्क सांगितला, त्यातल्या दोघांनी एकेक वाटून घेतला आणि तिसरे रुसून घरी निघून गेले. नाक सोसायटीच्या सेक्रेटरींनी सभा सुरू होण्याआधीच आपल्या नावावर लिहून टाकलं होतं, आणि त्यांच्या नाकाशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. हात, पाय, पोट, पाठ भराभर उठले. तक्रारकाकांची पाळी आली तेव्हा वहीत दोनच अवयव शिल्लक होते. कान आणि घोटा.

हा काही दवाखान्याचा लिलाव नव्हता. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ग्रंथपाल बाईंनी एक कार्यक्रम काढला होता. प्रत्येक सभासदानं शरीराच्या एका भागाचा शब्द घ्यायचा. तो कुठून आला, त्याचे अर्थ किती, बोलण्यात कसा येतो, पुस्तकांत कसा येतो, हे सगळं लिहायचं आणि सभेत वाचून दाखवायचं. प्रत्येकाला दहा मिनिटं.

"घोट्यावर काय बोलणार हो माणूस?" काका म्हणाले.

"म्हणून तर कान घ्या," बाई म्हणाल्या. "शोभेल तुम्हाला."

शोभेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. काकांनी चौतीस वर्षं पालिकेच्या तक्रार खिडकीवर काढली. फुटलेले नळ, तुंबलेली गटारं, भुंकणारी कुत्री, न लागणारे दिवे, सगळं त्या एका खिडकीतून आत यायचं आणि काकांच्या कानात शिरायचं. काका ते छापील फॉर्मवर उतरवून घेत आणि शेवटी म्हणत, "ऐकून घेतलं आहे. योग्य ती कार्यवाही होईल." कार्यवाही होई की नाही, हे काकांना कधी कळलं नाही. ते खातं दुसऱ्या मजल्यावर होतं.

इमारतीतली मुलं त्यांना तक्रारकाका म्हणत आणि पुढे मोठेही म्हणायला लागले. नावात काही वाईट नव्हतं, फक्त उलटं होतं. या माणसानं जन्मात कुणाकडे तक्रार केली नव्हती. करणार कुणाकडे? बायको गेली त्याला चार वर्षं झाली, खिडकी सुटली त्याला तीन. मूलबाळ नाही. धाकटी बहीण दर गुरुवारी फोन करायची आणि पाऊण तास एकटीच बोलायची. एकदा काकांनी फोन टेबलावर ठेवला, कुंड्यांना पाणी घातलं, दूध तापवलं आणि परत येऊन "हो ना" म्हटलं. तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "काय काका, बरं आहे ना?" विचारायचं. काका म्हणायचे, "तसं बरंच, पण परवा काय झालं...", आणि दुसरा मजला यायचा. दोन मजल्यांत माणूस किती सांगणार?

तेव्हा काकांच्या डोक्यात कान नव्हताच. डोक्यात होती ती दहा मिनिटं. दहा मिनिटं माणसं खुर्च्यांवर बसणार, मध्ये बोलणार नाहीत, उठून जाणार नाहीत, आणि आपण बोलणार. घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या घड्याळापुढे उभं राहून दहा मिनिटं मोजून पाहिली. बराच वेळ असतो तो. त्यात बरंच काही सांगता येतं. एक गोष्ट तर नक्कीच सांगता येते, जी चार वर्षांत कुणाला सांगून झाली नव्हती. ती शेवटच्या मिनिटांत घालायची, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, असं काकांनी त्या घड्याळापुढेच ठरवलं.

कामाला सुरुवात तर झकास झाली. मूळ कर्ण, त्याचा कण्ण, कण्णाचा कान. झालं! हजारो वर्षांचा प्रवास एका ओळीत मावला. मग काकांनी वाचनालयातून जुन्या काव्यांची पुस्तकं आणली आणि आठ दिवस वाचली. वाचता वाचता त्यांना संताप यायला लागला. कवींनी डोळ्यांना काय काय म्हणून ठेवलंय! ओठांवर पानंच्या पानं, मानेवर, कमरेवर, केसांच्या एकेका बटेवर श्लोक. आणि कान? कानात डूल होतं, कुंडल होतं, फूल होतं. कान म्हणजे जणू दागिने टांगायची खुंटी. हजार वर्षांत एकाही कवीला वाटू नये की हिचा कान सुंदर आहे, कारण ही माझं ऐकून घेते? काकांनी वहीत लिहिलं, 'कवी हे मुख्यतः बोलणारे लोक असल्याने त्यांना कानाची किंमत कळलेली दिसत नाही.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. घरात अर्थातच कुणी नव्हतं.

कोशातून वाक्प्रचारही काढले. कान टवकारणे, कान किटणे, कानाडोळा करणे, कानकोंडे होणे. ते घेऊन काका वाचनालयात गेले. बाईंनी चष्म्यावरून वही पाहिली. ही बाई पंचवीस वर्षं त्या टेबलामागे बसून 'शांतता राखा' या पाटीच्या बाजूनं उभी राहिलेली. गरजेपेक्षा जास्त शब्द कधी खर्च करत नसे.

"हे कोशातलं," त्या म्हणाल्या. "कोश माझ्याकडेही आहे. लोकांच्या तोंडचं आणा."

लोकांच्या तोंडचं आणायला लोक हवेत. काकांनी रात्रभर नव्हे, पण चांगला चहाच्या दोन कपांइतका विचार केला आणि इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली. इथंच सगळं फिसकटलं. साधं लिहायचं ना, की बाबांनो, कानावरचे वाक्प्रचार सांगा! पण चौतीस वर्षांचा हात, तो साधं कसं लिहील?

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, कान या विषयाचे काम हाती घेण्यात आले आहे. तरी ज्यांना काही सांगावयाचे असेल त्यांनी सायंकाळी चार ते सहा या वेळेत दुसरा मजला, घर क्रमांक सात येथे समक्ष यावे. प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले जाईल.'

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. काका स्वच्छ शर्ट घालून बसले होते. बैठकीच्या खोलीला भडक पिवळे पडदे होते, ते सारखे केले. हे पडदे काकांनी तीन वर्षांपूर्वी एकाएकी लावले होते आणि इमारतीत त्यावर बरीच करमणूक झाली होती. याच माणसानं एका वर्षी स्वयंपाकघर निळं रंगवून घेतलं, एका वर्षी गॅलरीत झोपाळा टांगला ज्यावर तो स्वतः कधी बसत नसे, आणि कधी पुस्तक हातात न धरलेला हा गृहस्थ सहा महिन्यांपूर्वी वाचनालयाचा सभासद झाला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "करायचं राहिलं होतं." लोक म्हणायचे, एकटा माणूस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला घंटा वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

"ऐकून घेणार म्हणे तुम्ही?" त्या आत येत म्हणाल्या. सूचना वाचायची म्हणजे शेवटची ओळ वाचायची, हा इमारतीचा रिवाज होता. वहिनींनी तेवढीच वाचली होती. "मग ऐका. आमच्या न्हाणीघराचं छत गळतंय सात महिने. सेक्रेटरींना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण तो हलक्या कानाचा माणूस, वरच्यांनी काय सांगितलं ते खरं धरून बसलाय!"

"वहिनी, खरं तर मी ते..." काका म्हणाले आणि थांबले. हलक्या कानाचा! जिवंत, ताजा, लोकांच्या तोंडचा. त्यांनी कपाट उघडलं. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेला कोऱ्या तक्रार फॉर्मचा गठ्ठा तिथं होता. प्रत्येक फॉर्मवर तीन रकाने होते : अनुक्रमांक, तक्रारीचा मजकूर आणि ठिकाण. ठिकाणाशिवाय नोंद घ्यायची नाही, हे काकांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. काकांनी तिन्ही रकाने नीट भरले. वहिनी चाळीस मिनिटं बोलल्या, त्यात तीन वाक्प्रचार मिळाले, आणि जाताना त्यांचे डोळे भरून आले.

"बरं वाटलं हो," त्या म्हणाल्या. "घरी कुणी ऐकत नाही."

मग काय विचारता! कानोकानी बातमी गेली. शुक्रवारी पाच जण आले, सोमवारी अकरा. काकांना जुन्या सवयीनं टोकन द्यावं लागलं, पत्त्यांच्या जोडातली पानं. जिन्यात स्टुलं आली. चौकट सत्ती घेऊन सून बसलेली, आणि एक पायरी वर किलवर राणी घेऊन तिची सासू. दोघी एकमेकींकडे न बघता. सून आत येऊन म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे कान नणंद भरते." सासू आत येऊन म्हणाली, "आमच्या मुलाला कान नाहीतच, नुसती बायको आहे." काकांनी दोन्ही उतरवून घेतलं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक कानात कापूस घालून आले. त्यांना वाटलं, काका कान बरे करतात. काकांनी त्यांना समजावलं, पण आलोच आहे तर म्हणून तेही बसले आणि तळमजल्यावरच्या कानाच्या डॉक्टरांनी तीनदा बोलावून कसा काही फरक पडला नाही, ते सविस्तर सांगून गेले. कुणी सल्लेही दिले. फॉर्म रंगीत हवेत, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं म्हटलं, दारावर पाटी लावा, म्हणजे वजन पडतं.

घर भरलेलं असायचं. चार ते सहाचे सात झाले. काकांना खूप बरं वाटायला हवं होतं, आणि पहिले काही दिवस वाटलंही. मग एका संध्याकाळी शेवटचं टोकन उठून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आज चौदा माणसं घरात आली आणि आपण दिवसभरात बोललो ती वाक्यं दोनच : "या, बसा" आणि "ठिकाण सांगा". कप उचलताना त्यांना एकदम रडूच आलं. मग त्यांनी कप विसळले. अजून दहा मिनिटं आहेतच की आपली, असं म्हणून ते झोपले.

बुधवारी कानाचे डॉक्टर वर आले. तावातावानं.

"कानाचं काम हाती घेतलंय म्हणे तुम्ही? कुठली पदवी? माझे पेशंट तुमच्या जिन्यात बसलेत!"

काकांनी त्यांना कर्ण, कण्ण, कान दाखवलं. कवींवरचं वाक्य वाचून दाखवलं. डॉक्टर ओशाळले. ओशाळलेला डॉक्टर काय करतो? तपासतो. "आलोच आहे तर बघू तुमचा कान," म्हणून त्यांनी पिशवीतून दोन पायांचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटून वाजवला आणि उजव्या कानाशी धरला. गुणगुण ऐकू आली. मग डाव्या कानाशी धरला.

"वाजवा की," काका म्हणाले.

"वाजतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आत बत्ती मारून पाहिलं, परत वाजवला, परत धरला. "हा किती वर्षं बंद आहे?"

"बंद आहे?"

"काका, हा आज गेलेला नाही. आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. हळूहळू गेला की कळत नाही माणसाला. ऑफिसात कधी अडचण आली नाही?"

अडचण कशी येणार? चौतीस वर्षं डावा खांदा भिंतीला, उजवा कान खिडकीला. डॉक्टर गेल्यावर काका बैठकीच्या खोलीत येऊन आपल्या आरामखुर्चीकडे बघत राहिले. खुर्चीत बसलं की उजवीकडे गॅलरी आणि डावीकडे स्वयंपाकघर. त्या दिवशी त्यांनी टोकनं दिली नाहीत.

इकडे सेक्रेटरी स्वस्थ बसलेले नव्हते. आपल्याविरुद्धच्या तक्रारी दुसऱ्या मजल्यावर गोळा होताहेत, हे त्यांच्या नाकाला कधीच लागलं होतं. त्यांनी थेट पालिकेत अर्ज ठोकला : राहत्या घरात विनापरवाना कानाचा दवाखाना. आठवड्यात काकांना पत्र आलं. समक्ष हजर राहून म्हणणे मांडावे.

काकांनी तयारी केली. नोंदींचा गठ्ठा घेतला, मुद्दे काढले, आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. पत्रात लिहिलेल्या खिडकीशी गेले आणि पाहतात तो त्यांचीच खिडकी! खुर्चीवर त्यांनीच मागे ठेवलेली उशी होती, काकांच्या बायकोनं शिवलेली. तिच्यावर एक नवा कारकून बसला होता आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. काकांना क्षणभर वाटलं, ओळखेल. मग वाटलं, निदान उशी तरी ओळख दाखवेल.

"बोला," कारकून म्हणाला.

काका बोलायला लागले. मूळ शब्द कर्ण, तिथून सुरुवात केली, कारण प्रकरण समजायला ते आवश्यक होतं. कण्णपर्यंत पोचले असतील नसतील.

"ऐकून घेतलं आहे. योग्य ती कार्यवाही होईल," कारकून म्हणाला. मान वर न करता. "पुढचे."

काका बाजूला झाले. त्यांच्या मागची बाई पुढे सरकली. वाक्य तेच होतं, सूरही तोच होता, शिकवणारे आपणच. चौतीस वर्षांत हे वाक्य आपण किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब करावा असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तो केला नाही. बाहेर पडताना पायरीवर त्यांना थोडं बसावं लागलं. एका शिपायानं विचारलं, "काही तक्रार आहे का आजोबा?" काका नाही म्हणाले.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. वाचनालयाची मोठी खोली चारच्या ठोक्याला भरली. हृदयानं पन्नास मिनिटं घेतली. हृदयवाल्या बाई स्वतःच्या वाक्यांनी स्वतःच रडत होत्या, त्यांना थांबवणार कोण? डावा डोळा वीस मिनिटं चालला आणि उजव्यानं त्याचं खंडन केलं. सेक्रेटरींनी नाकावर अर्धा तास घेतला, त्यात पंधरा मिनिटं सोसायटीच्या नियमांवर. घोटा शेवटी कुणीतरी घेतला होता, तोही बारा मिनिटं बोलला! काका मागच्या रांगेत गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. सात वाजत आले तेव्हा बाईंनी त्यांना पुकारलं.

लोक कंटाळले होते, पण उठलं कुणी नव्हतं. जिन्यातली सगळी टोकनं हजर होती. आपला माणूस बोलणार म्हणून वहिनी पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. काकांनी घड्याळ काढून मेजावर ठेवलं. खोली गप्प झाली. इतकी माणसं, आणि सगळी आपल्याकडे बघताहेत.

कर्ण, कण्ण, कान. छान. कवींवरच्या वाक्याला हशा आला, टाळी आली. काकांना चार वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. मग ते लोकांच्या तोंडच्या भाषेकडे वळले आणि त्यांनी गठ्ठ्यातला पहिला फॉर्म उचलला. फॉर्म वाचायचा म्हणजे पूर्ण वाचायचा. तसा नियमच होता.

"हलक्या कानाचा. वापर : 'सेक्रेटरी हा हलक्या कानाचा माणूस आहे.' ठिकाण : तिसरा मजला, घर क्रमांक बारा."

नाकवाले सेक्रेटरी वळून वहिनींकडे बघायला लागले.

"कान भरणे. वापर : 'माझ्या नवऱ्याचे कान नणंद भरते, आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा विषय काढला की उठून जाते.' ठिकाण : पहिला मजला, घर क्रमांक तीन, चौकट सत्ती."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. ती नणंदच होती. ती खरंच उठली.

काकांचं खोलीकडे लक्ष नव्हतं. नजर कागदावर आणि डावा कान लोकांकडे. "कानाखाली वाजवणे. वापर : 'एकदा त्या डॉक्टरच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते, म्हणजे त्याला कळेल कान दुखणं म्हणजे काय.' ठिकाण : पहिला मजला, घर क्रमांक चार..."

त्यापुढे काय झालं ते क्रमानं सांगणं अवघड आहे. डॉक्टर उभे राहिले, शिक्षक कानातला कापूस काढून खाली बसले. सासू सुनेला म्हणाली, घरी चल. सून म्हणाली, इथंच बोला. वहिनींनी सेक्रेटरींना भर सभेत गळक्या छताबद्दल विचारलं, सेक्रेटरींनी नियम काढला, आणि डावा डोळा व उजवा डोळा हातघाईवर आले, त्यांचा काही संबंध नसताना.

"आम्ही विश्वासानं सांगितलं तुम्हाला!" वहिनी काकांवर ओरडल्या. "भिंतीला कान असतात ऐकलं होतं, तुम्ही तर भोंगा लावला! मजल्यासकट!"

"पण वहिनी," काका कळवळून म्हणाले, "ठिकाणाशिवाय नोंद कशी घेणार?"

यावर सगळ्यांना आणखीच राग आला. भांडण दारातून रस्त्यावर गेलं, रस्त्यावरून इमारतीत गेलं. आता उद्यापासून जिन्यात कुणी येणार नाही, आणि लिफ्टमध्ये "बरं आहे ना" पण कुणी विचारणार नाही, हे काकांना चांगलं कळत होतं. चूक आपलीच होती. लोकांनी मन मोकळं केलं आणि आपण त्याचा फॉर्म भरला. ते रिकाम्या खोलीत फॉर्म गोळा करायला लागले. भांडण पेटलं तेव्हा मेजावरच्या घड्याळात चारच मिनिटं झाली होती.

ग्रंथपाल बाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. एक फॉर्म उडून त्यांच्या पायाशी गेला होता. त्यांनी तो उचलला. मजकुराचा रकाना कोरा होता. ठिकाणाचा भरलेला होता : दुसरा मजला, घर क्रमांक सात.

"हा तुमचा," त्या म्हणाल्या.

"राहू द्या. शेवटी वाचणार होतो."

बाईंनी एकात एक घातलेल्या खुर्च्यांतून एक परत बाहेर ओढली आणि समोर मांडली. "तुमची सहा मिनिटं राहिलीत."

"लोक गेले की हो."

"मी आहे ना. वाचा."

काका उभे राहिले. मग म्हणाले, "जरा उजवीकडे बसाल का?" बाईंनी का ते विचारलं नाही. खुर्ची उजवीकडे नेली.

"कान देणे," काकांनी वाचलं. कागदावर पुढे काहीच नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवला. "आमची ही गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन खुर्चीत बसलो होतो. दिवसभर लोकांचं ऐकून आलेलो. ती आतून काहीतरी बोलत होती. बराच वेळ. मी म्हटलं, 'हूं.' मग ती दारात आली, हात पुसत, आणि म्हणाली, 'मग चालेल ना?' मी म्हटलं, 'हो, चालेल.' तिला इतका आनंद झाला हो! तसाच हसरा चेहरा घेऊन आत गेली. सकाळी उठलीच नाही."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"डॉक्टर म्हणतात, माझा डावा कान तेव्हाच गेलेला होता. असेल. पण ऐकू आलं नाही तर 'काय म्हणालीस' विचारायला तोंड होतं ना मला? कशाला हो म्हटलं, ते मला माहीतच नाही. चार वर्षं झाली. शब्द तर दिलाय."

घड्याळात उरलेली सहा मिनिटं संपली आणि काटा पुढे गेला. बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं.

"काय असेल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

हे काकांना कुणी कधी विचारलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले.

"पहिल्यांदा वाटलं, पडदे. तिला पिवळे हवे होते, मी भडक म्हणायचो. म्हणून लावले. मग वाटलं, नुसत्या पडद्यांना एवढी कशी हसेल? स्वयंपाकघर निळं करून घेतलं. मग झोपाळा. मग एकदा आठवलं, ती म्हणायची, आपण दोघं वाचनालयात नाव घालू या, संध्याकाळी जात जाऊ. ते असेल म्हणून तुमच्याकडे आलो."

"अजून काय काय राहिलंय?"

"यादी मोठी आहे बाई," काका म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. "आणि तुमची बंद करायची वेळ झाली."

बाईंनी उठून दार लोटून घेतलं, 'वाचनालय बंद आहे'ची पाटी बाहेरच्या बाजूला फिरवली आणि परत येऊन उजवीकडच्या खुर्चीत बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."